आत्यानं ठेवलेलं नाव

चौसष्ट वर्षांची झाले तरी मी बेबीच आहे. गुडघे कुरकुरतात, दोन दाढा गेल्या, पण इतवारीतल्या माहेरच्या गल्लीत पाऊल टाकलं की चहावाल्यापासून भांडीवाल्यापर्यंत सगळे 'बेबीताई आल्या' म्हणतात. आमच्या गल्लीला इंग्रजी नावांची हौस फार. भांड्यांच्या दुकानातला हमाल 'इंजिन', कारण तो ओझं उचलून निघाला की मध्ये थांबतच नसे. शेजारचे काका कधी सैन्याच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते, पण मिशांच्या जोरावर 'मेजर'. त्यांच्या मुली पिंकी आणि स्वीटी, आता दोघींना नातवंडं आहेत. कागदावरचं नाव आमच्याकडे एकदा लग्नपत्रिकेत दिसायचं आणि मग थेट तेराव्याच्या कार्डावर.

या हौसेपायी मी माझ्या भाच्याचं वाटोळं केलं. असं बोललं की भाऊ चिडतो, पण मला दुसरा शब्द सापडत नाही.

आमचे वडील जन्मभर कलेक्टरच्या बंगल्यावर चपराशी होते. गाडी आली की फाटक उघडायचं, सलाम करायचा, फाटक लावायचं. भावाला मुलगा झाला तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. वहिनीनं छान नाव निवडून ठेवलं होतं, मी ते फक्त बाळाच्या कानात सांगायचं होतं. मी पाळण्यावर वाकले, 'कुर्रर्र' केलं, दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या वडिलांकडे पाहिलं, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मोठ्यांदा म्हणाले, "कलेक्टर!" बायका खो खो हसल्या. रिवाजाप्रमाणे चौघीपाचजणींनी माझ्या पाठीत धपाटे घातले. वडिलांनी उपरण्यानं डोळे पुसले. वहिनीनं निवडलेलं नाव मी नंतर सांगितलं, पण त्या गलक्यात ते कोणाला ऐकूच आलं नाही. ते धपाटे मला आता लागतात.

पोरगं हुशार निघालं, हेच वाईट झालं. ढ असतं तर नाव नुसतं गमतीचं राहिलं असतं, जसं माझं राहिलं. पहिला नंबर आला की गल्ली म्हणायची, "होणारच, कलेक्टर आहे आपला." कॉलेज संपलं आणि तो धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत जाऊन बसायला लागला. सकाळी सातला डबा घेऊन जायचा. एका वर्षी पूर्वपरीक्षा पास, मुख्य नापास. पुढच्या वर्षी पूर्वच गेली. एकदा मुलाखतीपर्यंत पोचला, तेव्हा मेजरकाकांनी पेढे सांगून ठेवले होते. असं करता करता दहा वर्षं गेली. बरोबरीची पोरं नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली. हा गल्लीतून निघाला की चहावाला नेहमीच्या प्रेमानं विचारायचा, "का गा कलेक्टर, कधी येऊन राहिली लाल दिव्याची गाडी?" लाल दिवे केव्हाच बंद झाले होते, पण ते चहावाल्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी तो मागच्या बोळातून ये-जा करायला लागला.

यंदाची संधी शेवटची होती. पुढच्या वर्षी वयात बसत नव्हता. यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. तो वरच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली. दोन दिवसांनी वहिनीचा मला फोन आला. "ताई, येता का वं? ताट दाराशी ठेवलं तर घेते, पण बोलत नाही कोणाशी." मी जरीपटक्याहून ऑटो केला. वाटेत माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, की मी घातलेलं हे ओझं मीच उतरवायला पाहिजे.

आणि तिथे मी माती खाल्ली. घरी जायच्या आधी मी गल्लीभर फिरले. चहावाला, किराणावाला, इस्त्रीवाला, मेजरकाका, सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "परीक्षा गेली पोराची. त्याले आता कलेक्टर नका म्हणू."

चहावाला गोंधळला. "मग का म्हणू ताई? नाव का आहे त्याचं?"

मी सांगितलं. त्यानं दोनदा घोकलं. "हे नाव आहे का त्याचं? माह्या दुकानावर लहानाचा मोठा झाला, पण मले माहीतच नाही."

मला वाटलं, काम झालं. संध्याकाळी पाहते तो गल्ली भावाच्या घरी बसायला आलेली. मयताच्या घरी येतात तशी. चपला काढून, सतरंजीवर मांडी घालून, हळू आवाजात. कोणी पाणीसुद्धा मागितलं नाही. "फार वाईट झालं जी," मेजरकाका भावाला म्हणाले, आणि भावानं मान खाली घातली. भाच्याची खोली बरोबर वरती. जिन्याचं दार उघडंच होतं. वर त्याला शब्द न् शब्द ऐकू जात होता. मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ताट तसंच होतं. दुपारचंही तसंच. वहिनी जिन्यात बसून नुसती हुंदके देत होती. भाऊ कुठून तरी सब्बल घेऊन आला. दार फोडायला उचललेली ती लोखंडी पहार मी दोन्ही हातांनी धरली. मी म्हटलं, "थांब, मले एकदा बोलवू दे."

दाराला तोंड लावून मी त्याला त्याच्या कागदावरच्या नावानं हाक मारली. जन्मात पहिल्यांदा. माझंच मला ते परक्या घरातल्या मुलाला बोलावल्यासारखं वाटलं. आतून काही नाही. पुन्हा मारली. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी कान लावला, श्वास ऐकू येतो का ते पाहायला, आणि काहीच ऐकू येईना तेव्हा माझा धीर सुटला. "कलेक्टर! माह्या बाप्पा, उघड ना रे!"

आतून कडी निघाली.

दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी त्याला घट्ट धरून ठेवलं. तो रडला नाही. म्हणाला, "आत्या, चाल, खाली चहा पिऊ. या खोलीत जीव घुसमटून राहिला." भावानं सब्बल भिंतीला टेकवून ठेवली आणि तिथेच पायरीवर बसला.

आम्ही पुढच्या दारानं निघालो. किती वर्षांनी तो पुढच्या दारानं निघाला होता. इस्त्रीवाल्यानं मान वर केली, तोंड उघडलं, मला पाहिलं आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागला. किराणावाल्यानं वजनाकडे पाहिलं. मेजरकाका ओट्यावर होते, त्यांनी पेपर वर धरला. मला दिलेला शब्द सगळे पाळत होते. जुनं नाव घ्यायचं नव्हतं आणि नवं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. चहावाल्यानं दोन ग्लास भरले, मुकाट्यानं आमच्यासमोर ठेवले आणि ओटा पुसायला लागला.

भाच्यानं ग्लास हातात धरला, प्यायला नाही. गल्लीकडे पाहत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आत्या, हे लोक माह्याशी काहून बोलून नाही राहिले वं? एवढा का मी वाईट झालो?"

मी चहाचा मोठा घोट घेतला. जीभ पोळली. मीच त्यांना सांगितलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.