जाड व्हिनाइल घ्या म्हणणारा

जमिनीवर व्हिनाइलचं आवरण बसवणाऱ्या त्या माणसाला चौऱ्याण्णव सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आदिलाबादच्या दुकानमालकाने सगळ्यांदेखत हाकलून दिलं. नमुन्याच्या तुकड्यावरही तो चप्पल काढूनच पाय ठेवायचा, बोलायचा जमिनीकडे बघून.

आईच्या नव्या स्वयंपाकघरासाठी मालक पातळ व्हिनाइल "बीस साल टिकेगा" म्हणत गळ्यात मारत होता.

"बाई, तुमी खाली बसूनच विळीवर चिरता ना?" बसवणाऱ्याने आईला विचारलं आणि त्या पातळ तुकड्यावर कात्रीची मूठ घासली. नक्षी खरवडून निघाली. "विळी सरकली का असंच होईन. जाड घ्या."

"तू किसका आदमी है?" मालक ओरडला.

"जिले यावर बसा लागते, तिचा."

आम्ही जाड व्हिनाइल घेतलं आणि गप्प घरी आलो. तुम्ही गप्प राहू नका. त्या दुकानात गेलात तर आधी मालकाला विचारा, त्या बसवणाऱ्याला कामावर परत कधी घेता?