पाकिटांवर लिहिलेला उजेड

यांना जाऊन दहा महिने झाले. मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात निगेटिव्हची पाकिटं आहेत. दुपारी घर शांत असतं तेव्हा मी त्यातली दोन-चार काढून पाहते. पाकिटांवरचं अक्षर माझं आहे, शब्द यांचे. 'घाट, पायऱ्या ओल्या, ढगाळ.' 'गुळाच्या ढेपा, वरच्या झरोक्यातून उजेड.' 'हळदपेठ, सकाळचे आठ, दारातून मागून ऊन.' एकाही पाकिटावर माणसाचं नाव नाही.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीत आले आणि इथल्या एका शाळेत मराठी शिकवू लागले. यांचा फोटो स्टुडिओ पेठेजवळ होता. एक खोली, तिच्या मागे अंधारखोली, मध्ये रंगवलेला पडदा. फोटो बहुतेक अर्जाला लावायचे, नाहीतर स्थळांना पाठवायला मुलींचे. बारा फोटोंच्या रोलमधले दोन-तीन शिल्लक राहिले की गिऱ्हाईक ताटकळायचं, कारण रोल संपल्याशिवाय धुता येत नसे. मग हे कॅमेरा गळ्यात अडकवून म्हणायचे, "संध्याकाळी या, रोल संपवून येतो," आणि रस्त्यावर निघायचे.

मला आधी हा वेळेचा अपव्यय वाटे. मी पुस्तकांच्या घरातली. जे वाचता येत नाही ते पाहण्यासारखं असतं हे मला ठाऊक नव्हतं. एका रविवारी हे मला सोबत घेऊन गेले. वाटेत म्हणाले, "माणसाकडे नंतर बघ. आधी उजेड कुठून येतोय ते बघ."

मी पाहू लागले. झाडाखाली न्हावी दाढी करत होता आणि त्याच्या आरशातून परतलेला उन्हाचा तुकडा गिऱ्हाइकाच्या मानेवर थरथरत होता. एकजण सायकलला पितळी घागरी बांधून चालला होता. तो वळला तशी समोरची भिंत क्षणभर उजळली. घाटावर धुणं पिळणाऱ्या बाईच्या हातातून पाणी निघालं ते उन्हात तारेसारखं लकाकलं. मी रोज त्याच रस्त्याने शाळेत जात होते. माझ्या नजरेस यातलं काहीच पडलं नव्हतं. त्या दिवशी मला यांचा हेवा वाटला, आणि अभिमानही.

हळदपेठ यांची सर्वांत आवडती. गोदामाच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून कवडसे उतरत आणि हळदीच्या धुळीमुळे प्रत्येक कवडसा हातात धरता येईल असा दिसे. खाली बायका नाकातोंडावर पदर बांधून हळकुंडं निवडत बसलेल्या असत. तिथला एक फोटो यांनी मोठा करून दुकानाच्या भिंतीवर लावला होता. गोदामाचं दार, दारातून आत लोटणारी उजेडाची धूळ आणि तिच्यात बसलेली एक काळी आकृती, कडेने चकाकणारी. यांनी काढलेल्या सगळ्या फोटोंत मला तो श्रेष्ठ वाटे.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले, तर बाकावर टोपी घातलेला, फौजीसारखा ताठ एक तरुण बसला होता. डोकं नुकतं भादरलेलं असावं असं कानाजवळ दिसत होतं. तो यांना म्हणत होता, "पेठंतल्या बायका म्हनत्यात, फोटूवाला आमचं फोटू काढायचा. माजी आई हळद निवडाय यायची तितं. तिचा एखादा हाय का बगा की वो."

"घरी एकही नाही?"

"न्हाई. मी लांब, सरहद्दीवर. तार मिळाली, निघालो, पर पोचस्तवर समदं उरकलं हुतं. तोंड बगाय मिळालं न्हाई." मग खाली बघत म्हणाला, "तेराव्याला पाटावर मांडाय फोटू पायजे. चार दिस ऱ्हायलं."

यांनी पाकिटं काढली. एकेक निगेटिव्ह खिडकीशी धरून आम्ही तिघं पाहू लागलो. बाया भरपूर होत्या. पण सगळ्यांच्या तोंडावर पदर, वर फक्त डोळे, आणि निगेटिव्हमध्ये तेही उलटे, पांढरे. तरुण अर्ध्या तासाने मागे सरून पुन्हा बाकावर बसला. हे ओशाळले. मीही. इतकी वर्षं आम्ही ऊन कुठून आलं ते नीट लिहून ठेवलं होतं आणि कोणावर पडलं ते लिहिलं नव्हतं.

"आई बसायची कुठे?" यांनी विचारलं.

"मला काय म्हाईत? मी कवा गेलोय पेठंत? पैल्या यष्टीनं पळायची एवढं ठावं हाय. उशीर झाला तर दाराजवळची जागा जाती म्हनायची. आत जीव घुसमटायचा तिचा."

हे एकदम वळून भिंतीकडे पाहू लागले. मीही पाहिलं. तो मुलगा आल्यापासून त्याच फोटोखाली बसत होता.

"ही बघा," हे म्हणाले.

तो उठून जवळ गेला. बराच वेळ पाहत राहिला. "ह्यात कुटं हाय आई? समदं काळंच हाय की."

हे निगेटिव्ह घेऊन अंधारखोलीत गेले, मला हाक मारली. लाल दिव्याखाली मी कागद देत राहिले. पहिल्यांदा यांनी पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये धरून नुसत्या चेहऱ्यावरचा उजेड अडवून पाहिला. चेहऱ्याभोवती डाग पडला. कागद जितका उजेड खातो तितका काळा होतो, म्हणून मग यांनी सगळ्याच कागदाला उजेड अगदी थोडा दिला. औषधाच्या ताटलीत कागद हलवत राहिलो. कडेची चकाकी आली नाही. धूळ आली नाही, दारही आलं नाही. तिथे कोरा पांढरा कागद राहिला. आणि मध्ये, आजवर काळं होतं तिथे, हळूहळू गाल आला, कपाळावरचं गोंदण आलं. पदर हनुवटीखाली ओढलेला होता आणि तोंड उघडं होतं.

"तुमचा उजेड सगळा गेला," मी म्हणाले.

"जाऊ दे. मी तेव्हा हिच्याकडे बघितलंच नव्हतं."

ओला कागद तसाच बाहेर नेला. त्याने हात लावला नाही, नुसता वाकून पाहिला. "हीच. हीच हाय वो." मग म्हणाला, "कायतरी बोलतीया. काय म्हनत हुती?"

हे स्वभावाने कमी बोलणारे, नक्कल वगैरे करणारे तर मुळीच नव्हेत. पण त्या दिवशी यांनी तिच्याच बोलीत सांगितलं. "म्हणाली, आवं फोटूवाले, किती येळ हुबं ऱ्हायचं आमच्या धुळीत? नवरदेवावानी पिवळं व्हाल. मालकीनबाई इचारतील, कुनाच्या लग्नाची हळद लावून आलासा!"

तिचं हे बोलणं मला पहिल्यांदाच कळत होतं. तरुण मोठ्याने हसला. "आसंच बोलायची. सगळ्यास्नी." हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, पुन्हा कागदावर वाकला आणि म्हणाला, "परत सांगा की वो. काय म्हनली?"

यांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून.