सुटका दाबा

आमच्या डहाणूच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे ते गृहस्थ वाणगावहून यायचे आणि एस्केपच्या बटणाला ‘सुटका’ म्हणायचे. काळ्या स्क्रीनवर कमांड लिहायला त्यांनी माझ्यासकट सगळ्यांच्या मशीनवर कीबोर्डचं स्वतःचं सेटिंग लावलं होतं. सुटका दाबली की अक्षरं उमटायची थांबत आणि प्रत्येक अक्षर हुकूम होई. कुठलं जुनी कमांड परत आणी, कुठलं ओळ पुसून टाकी. पहिल्याच दिवशी मी सुटका दाबून ऐटीत टाइप करत सुटलो, तर आधी लिहिलेली ओळही गायब.

“काय कलेक्टर, कुठे गेली?” ते म्हणाले. त्या ऐटीवरून माझं नाव कलेक्टरच पडलं. चहा पितानाही त्यांची करंगळी टेबलावर सुटका शोधत असे.

एकदा मी सुटका दाबून तसाच चहाला उठलो आणि नेमके मुंबईचे मोठे साहेब माझ्या खुर्चीत येऊन बसले. त्यांनी काही लिहिलं, स्क्रीनवर भलतंच झालं.

“कोणाचा हा चावटपणा?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

“माझं सेटिंग आहे, साहेब,” ते म्हणाले.

साहेबांनी ते सेटिंग त्यांच्याच हातून सगळीकडे बदलून घेतलं आणि त्यांना तलासरीच्या गोदामात गेटपास फाडायला पाठवलं.

निघताना ते पिशवी घेऊन माझ्या मागे उभे राहिले. जुनी कमांड आणायला मी सवयीने सुटका आणि मग तिचं अक्षर दाबलं. नुसतं टुंग वाजलं.

“राहू दे, कलेक्टर,” ते म्हणाले. “आता तिथे काही होत नाही.”