जे दिसेल ते लिहायची नोकरी

लॅबमध्ये रिकाम्या बाटल्या आणि किस्से दोन्ही साठत जातात. बाटल्या निदान भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? आठवले की अजूनही डोकं तापतं, म्हणून आज सांगून मोकळी होते.

हडपसरच्या तपासणी प्रयोगशाळेत माझं नोकरीचं अख्खं आयुष्य गेलं. एकत्र मिसळलेलं वेगळं करायचं, त्यात काय आणि किती आहे ते शोधायचं, आणि जे दिसेल ते लिहायचं. पहिली दोन कामं मशीन करतं. तिसऱ्यासाठी मला जन्मभर भांडावं लागलं!

*

सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा पातेलंभर दूध घेऊन दारात उभ्या. "अहो, यात पाणी किती ते जरा बघून सांगा."

"काकू, असं नुसतं बघून नाही हो सांगता येत. मशीन लागतं."

काकूंनी दारावरच्या पाटीवरचं 'डॉ.' वाचलं. "एवढं शिकून दुधातलं पाणी कळत नाही? आमच्या गवळ्याला बरोब्बर कळतं!"

म्हटलं, "त्याला कळणारच. घालतो तोच!" काकू महिनाभर बोलल्या नाहीत.

*

आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर. दसऱ्याला मशीनची पूजा त्यांच्याच हातची. हाराबद्दल माझी तक्रार नाही. पण एका वर्षी सरांनी नव्या मशीनचं झाकण उघडून, नमुना ठेवतात तिथेच, चिमूटभर हळद वाहिली! हे मशीन पदार्थ प्रकाशात किती चमकतो ते मोजतं, आणि हळद तर भलतीच चमकते. पाणी ठेवा, हळद. मीठ ठेवा, हळद!

मी पुसायला गेले तर सर म्हणाले, "पूजेचं आहे, लगेच कसं पुसायचं?"

मशीन चालवणारे आमचे शकीलभाई, कसब्यातले, जुने आणि तरबेज. ते गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, रिपोर्टवर काय लिहू? तपासणी मंगलमय झाली?"

*

इन्फ्रारेड मशीनच्या उघड्या भागावर वाकून बघायची सरांना फार हौस. एकदा ओरडलेच, "हे बघा, नवीन पीक! आजवर कुणाला दिसलं नाही!" आलेखावर जे टोक उमटतं त्याला आम्ही पीक म्हणतो.

"सर, तो तुमचा श्वास आहे. जरा मागे व्हा."

सर मागे झाले, पीक गेलं. पुढे वाकले, पुन्हा आलं.

"तरी रिसर्च पेपरमध्ये घालून ठेवा," सर म्हणाले. "कुणी विचारलं तर बघू!"

*

आणि हाच माणूस खरं पीक आलं की मात्र म्हणायचा, "आलेख जरा गुळगुळीत करा." कॉम्प्युटरवर तशी सोय असते. एकदा केलं की बारीक खरखर जाते, दहादा केलं की खरी पीकंसुद्धा जातात.

"सर, अजून दोनदा केलं तर नुसती सरळ रेघ उरेल."

"मग एकदाच करा!"

अशा वेळी हातातली काचेची नळी फेकून मारावीशी वाटते. मारली नाही, एवढंच.

*

मग लहान मुलांच्या खोकल्याचं एक औषध तपासणीला आलं. मुख्य पीकशेजारी एक छोटं पीक होतं. मी चार वेळा वेगवेगळ्या पद्धतींनी पाहिलं. ते मुलांच्या मूत्रपिंडाला घातक असं द्रावक होतं. मी तसं लिहिलं. सरांनी त्याभोवती लाल गोल काढून रिपोर्ट परत पाठवला, 'हे काढा. कंपनी जुनी आहे.'

मी काढलं नाही, सरांनी सही केली नाही. तीन दिवस गेले. औषध दुकानांत विकलं जात होतं, आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

चौथ्या दिवशी मी केबिनमध्ये भांडत असतानाच सरांच्या सुनेचा फोन आला. नातवाला खोकला झाला होता.

"शकीलभाई," सरांनी हाक मारली, "कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून लहान मुलांचं खोकल्याचं औषध आणता का? जाताना घरी नेतो."

दहा मिनिटांत शकीलभाईंनी बाटली आणून टेबलावर ठेवली. सरांनी लेबल वाचलं आणि बाटली झटकन मागे ढकलली.

"अहो, हे नको! दुसरं कुठलंही आणा!"

शकीलभाई जागचे हलले नाहीत. मी रिपोर्ट उचलून बाटलीशेजारी ठेवला.

"सर, सही तेवढी राहिलीय."