कुंभकोणमला राहिलेला धैवत

मिरज जंक्शनवरून व्हायोलिन घेऊन निघताना मला एकच धास्ती होती, की ओळखीचा हमाल विचारणार, ‘बाई, कुठं कार्यक्रम?’ त्याने विचारलंच. मी रेल्वेतच बुकिंगच्या खिडकीवर बसते, त्यामुळे तोंड लपवायला जागा नव्हती. ‘सहज फिरायला,’ म्हणाले. त्याने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बॅग वर ठेवली.

मिरजेत चाळिशीनंतर व्हायोलिन शिकायला घेणं म्हणजे आचाऱ्यांच्या घरात सून म्हणून जाऊन पहिला स्वयंपाक करणं. इथे तंतुवाद्यांची गल्ली आहे, दूधवाल्यालाही सूर कळतो. मी खिडक्या लावून वाजवायची. चार-पाच वर्षं शिकून कुणासोबत एक ओळ वाजवली नव्हती. गुरुजी म्हणत, ‘इतक्यात चारचौघांत नको.’ ज्यांच्याकडून वाद्य घेतलं ते दुकानदार तर एके दिवशी सरळच म्हणाले, ‘बाई, त्याला गिऱ्हाईक आलंय. पडून राहण्यापेक्षा द्या परत.’ मला राग आला, कारण त्यांचं खरं होतं. मी म्हणाले, ‘सुट्टीवरून आले की सांगते.’ मनाशी ठरवलं, की या सुट्टीत कुणातरी माणसांबरोबर बसून वाजवायचं. नाही जमलं तर वाद्य द्यायचं आणि विणकाम सुरू करायचं.

कुंभकोणम सुचवलं ते शेजारच्या खिडकीवरच्या राघवरावांनी. ते तंजावरकडच्या मराठी घरातले. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेले ते तिकडचेच झाले. ‘माझी आत्त (आत्या) कमलाबाई आहे तेथें,’ ते म्हणाले. ‘शनिवारीं घरांत भजन असतं. कोणीं यावं, कोणीं बैसावं. कोणी कांही म्हणत नाहीं.’ ऐंशीचं दशक संपत आलं होतं, रेल्वेचा पास होता आणि कुंभकोणममध्ये मला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. वाईट वाजवायला याहून चांगलं गाव मिळालं नसतं.

बेंगळूरपर्यंत एक गाडी, पुढे तिरुचिरापल्लीपर्यंत दुसरी, तिथून मीटरगेजची पॅसेंजर. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि नारळ, आणि उकाडा असा की श्वासही ओला लागावा. कुंभकोणमला उतरून लॉजवर पेटी उघडली तर गजाला लावायची राळेची वडी वितळून मखमलीला चिकटलेली, गजाचे केस ढिले आणि खुंट्या फुगून घट्ट बसलेल्या. मी खाटेवर बसून हसले. वाद्यसुद्धा घाबरलं होतं.

कमलाबाईंचा शनिवार यायला अवकाश होता. तोवर दुसरीकडे कुठे जमतं का पाहावं म्हणून लॉजच्या मॅनेजरला विचारलं. त्याने जवळच्या एका विद्वानांचं घर दाखवलं. तिकडे व्हायोलिनच्या शिक्षकांनाही विद्वानच म्हणतात. सकाळी तिण्णैवर (घरापुढच्या ओट्यावर) त्यांचा वर्ग भरला होता. माझ्या मोडक्या इंग्रजीवरून त्यांना एवढं समजलं, की ही शिकाऊ आहे. त्यांनी अगदी आदराने मला शिकाऊंमध्ये बसवलं. शिकाऊ म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुली. पहिल्या लयीत मी टिकले. दुप्पट लयीत माझा गज कुठे आणि बोटं कुठे. चौपट सुरू झाली तेव्हा मी वाद्य मांडीवर ठेवून चेहऱ्यावर कौतुक आणलं. शेजारच्या मुलीने माझं बोट धरून तारेवर नीट ठेवलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. विद्वानांनी निघताना कॉफी दिली, काही वाईट बोलले नाहीत. त्यामुळे रागही धरता येईना.

दुसऱ्या दिवशी मरुदानल्लूरला निघाले. तिथल्या भजनाचं नाव राघवरावांकडून ऐकलं होतं. बसवरच्या पाट्या तमिळमध्ये. मी ऐटीत चढले ती तिरुप्पनंदाळच्या बसमध्ये, म्हणजे नेमकी उलट दिशेला. कंडक्टरने कपाळावर हात मारून घेतला आणि मला पुढच्या थांब्यावर उतरवून समोरच्या बसकडे बोट केलं. मरुदानल्लूरला पोचले तेव्हा भजन रंगात आलं होतं. इतके मोकळे, भरलेले आवाज मी क्वचित ऐकलेत. मी भिंतीशी बसले, पेटी मांडीवर. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पेटीवर टिचकी मारून भुवया उंचावल्या.

‘व्हायोलिन,’ मी म्हणाले.

‘वासिंगो (वाजवा)!’ ते म्हणाले आणि सरकून जागासुद्धा करून दिली.

मी मान हलवली. पेटीच्या कड्या उघडल्यासुद्धा नाहीत. परतीच्या बसमध्ये स्वतःवर चिडले होते. इथे तर कुणी नको म्हटलं नव्हतं.

शनिवारी दुपारी कमलाबाईंकडे गेले. मोठ्या तलावामागच्या बोळात घर, दारात कोलम (रांगोळी), आणि दारातच त्या. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या.

‘ये, ये. राघूनं लिहिलं होतं. बैस. जेवलीस कीं नाहीं?’

जेवले होते, पण कोण ऐकतं! पानात सांबार होतं आणि शेजारी दह्यातलं उडदाचं डांगर. आमच्याकडचंच! फक्त वरून कढीपत्त्याची फोडणी. मी दोनदा मागून घेतलं. त्यांचं मराठी ऐकताना आजीच्याही आजीशी बोलतेय असं वाटत होतं. मध्येच तमिळ यायचं आणि त्यांच्या ते ध्यानातही नसायचं. पितळी डबऱ्यातून (पसरट वाटीतून) कॉफी वर-खाली ओतत त्या म्हणाल्या, ‘वायलिन आणलंस तें बरं केलंस.’

मी सगळं सांगून टाकलं: दुकानदार, खिडक्या लावून वाजवणं, त्या मुली, मरुदानल्लूर. सांगता सांगता डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही राग आला.

‘सरि, सरि (बरं, बरं),’ कमलाबाई म्हणाल्या. ‘भजनांत भ्यावं कशास? पुढं जो म्हणतो, तें त्याचं. आम्ही मागून तसंच म्हणतों. तूं आमच्यांत बैसून मागून वाजीव. चुकलीस तरी आमच्या गलक्यांत कोणास ऐकूं येतं?’

दिवेलागणीला माणसं जमली. पुढे म्हणणारे वेंकोबराव, निवृत्त शाळामास्तर, बाजाच्या पेटीवर बसले. मृदंगवाले म्हणजे जवळच्याच दारासुरम्चे एक रेशीम विणकर. ते मृदंग पोटाशी धरून कुणाच्या तरी मोपेडवरून आले. बाकी तीसेक बायका-पुरुष, निम्म्यांच्या हातात जालरा (टाळ). मी वेंकोबरावांच्या पेटीला तारा मिळवल्या आणि कमलाबाईंच्या मागे दडून बसले.

ते ओळ म्हणत, सगळे ती परत म्हणत, आणि त्या परतीत मी गज नुसता टेकवत होते. दोन नामावळ्या झाल्या. तिसरीला मी गजाला जरा जोर दिला. मला माझा सूर ऐकू आला, आणि तो इतरांसारखाच होता! पाठ आपोआप सरळ झाली.

मग वेंकोबराव माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आतां पाहुणीसाठीं अभंग.’ शब्द ऐकले आणि अंगावर काटा आला. आमच्या घरी दर एकादशीला म्हणायचे तेच! चाल मात्र पार वेगळी, दक्षिणेकडची. एकदा ओळ झाली, सगळ्यांनी परत म्हटली. वेंकोबराव घाम पुसायला क्षणभर थांबले. त्या रिकाम्या जागेत माझ्या गजातून ती ओळ निघाली, घरच्या चालीत, एकटी, पुढे. त्यात धैवत, म्हणजे वर चढताना लागणारा तो सूर, माझ्या बोटाखाली नेहमी जरा खाली, उतरून लागतो. तो उतरलाच.

आता हसतील, वाटलं. पण या माणसांना एकच सवय. पुढून आलं ते त्यांनी परत म्हटलं. तेच शब्द माझ्या चालीत घालून, तीस गळ्यांनी, आणि तो उतरलेला धैवत जसाच्या तसा!

मी तारेवरून गज उचलला. वेंकोबरावांनी पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

‘पुढली ओळ?’

‘नाही, नाही, तुम्हीच म्हणा.’

‘आरंभ केला त्यानं पुरा करावा. अभंग मध्यें टाकीत नाहीत.’

कमलाबाईंनी मागे न पाहता माझ्या गुडघ्यावर थाप दिली. मी दुसरी ओळ वाजवली. सूर थरथरला. त्यांनी तो थरथरीसकट परत केला. तिसऱ्या ओळीला मृदंग माझ्या लयीत येऊन बसला, विणकरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मग मी मोजलं नाही. अभंग पुरा झाला तेव्हा माझी मनगटं दुखत होती आणि मी रडत होते, आणि या वेळी रागबिग काही आला नाही.

प्रसाद घेताना मी वेंकोबरावांना गाठलं. ‘तो वरचा सूर माझा चुकला होता. तो असा नाही.’

‘आम्हांस काय ठाऊक? तुम्हीं दिला तसा घेतला.’

‘पण तुम्ही तसाच म्हणाल!’

‘म्हणूं की,’ ते शांतपणे म्हणाले. ‘येथें एकदां घेतलं तें आम्ही सोडीत नाहीं.’

तीनशे वर्षं आपलं मराठी न सोडणारी माणसं होती ती. मला घामच फुटला.

मिरजेला उतरल्यावर आधी दुकानात गेले आणि वाद्य देत नाही म्हणून सांगितलं. दुकानदार म्हणाले, ‘मग निदान खुंट्या बदलून घ्या.’ घेतल्या. गुरुजींना सगळा प्रकार सांगितला. मग पहिल्यांदाच त्यांनी आपलं वाद्य काढून मला परत वाजवायला एक ओळ दिली. खिडक्या आता उघड्या असतात. दूधवाला काय म्हणतो ते मी विचारत नाही.

पुढच्या वर्षी राघवराव सुट्टीवरून परतले. दुपारी खिडकी बंद असताना तिकिटांचे गठ्ठे लावता लावता ते गुणगुणत होते. मी कान टवकारले. तोच अभंग, घरचीच चाल, आणि चढताना तो धैवत, उतरलेला.

‘हें कोठें शिकलात?’ मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

‘आत्तेकडं. दर शनिवारीं म्हणतात. मिरजेची चाल म्हणे,’ ते म्हणाले. ‘कां? चुकलं कांही?’

त्यांनी ओळ पुन्हा म्हटली आणि थांबले. धैवत हवा तसा आता मला नीट लावता येत होता.

मी तो त्यांनी दिला तसाच मागून म्हटला.