सागावरची अळी आणि माझी पोटदुखी

"साहेब, फवारणी नको. अळ्या आपोआप मरतील," रेवतीमॅडम म्हणाल्या आणि रेंजर साहेबांनी माझं पत्र बाजूला सारलं.

पत्र फवारणीच्या परवानगीचं होतं. दाभोशाजवळच्या आमच्या साग रोपवनात अळी पडली होती. बारकासा पतंग कोवळ्या पानांवर अंडी घालतो, अळ्या निघाल्या की पानाच्या नुसत्या शिरा उरतात. जव्हारला वनपाल म्हणून माझी बावीस वर्षं झालेली. मॅडमही वनपालच, पण त्यांची दोन. तरी साहेब हल्ली आधी त्यांच्याकडे बघायचे. त्यात त्या मला 'काका' म्हणायच्या. सरळ सांगतो, मी जळायचो.

"आणि नाही मेल्या तर?" मी विचारलं.

"तर परवा फवारा," साहेब म्हणाले. "उद्या प्लॉट बघून तुम्हीच रिपोर्ट द्या."

मला तेच हवं होतं. मॅडम चुकल्या, हे लेखी देता येणार होतं. एरवी मी वीसेक झाडं बघून फॉर्म भरतो. त्या दिवशी शंभर बघायची ठरवली. प्लॉट उताराचा. वरच्या साठ झाडांवर जिवंत अळ्या वळवळत होत्या. खुणा करताना मला आनंद होत होता, आता लाज वाटते.

खाली ओढ्यात जानकीबाई खेकडे धरत होती. रोपवनावर रोजाने येणारी बाई.

"सायेब, या झाडांना हात नका लावू. अळ्या नासल्यात. वास मारतो."

मी पान उलटलं. अळ्या काळ्या, लिबलिबीत होऊन उलट्या लोंबत होत्या. हा त्यांचा साथीचा रोग, मॅडम याच्याच भरवशावर होत्या. एकदा लागला की वरपर्यंत पसरतो. खालच्या उरलेल्या चाळीसही झाडांवर तेच.

"उद्या औषध मारणार काय?" तिने विचारलं. "आम्ही पाणी इथलंच पितो."

वरची साठच झाडं लिहिली असती तर रिपोर्ट खोटा ठरला नसता. मॅडम मात्र ठरल्या असत्या. मी बराच वेळ वही उघडी धरून बसलो. जानकीबाईने ओंजळीने पाणी पिऊन परत दगड उलटायला घेतले. मी शंभर झाडं लिहिली.

फवारणी रद्द झाली. अळी गेली, सागाला नवी पालवी आली. मीटिंगमध्ये साहेबांनी मॅडमचं कौतुक केलं. त्या उठून म्हणाल्या, "सर, एवढी बारीक पाहणी काकांनी केली म्हणून कळलं."

ती कशासाठी केली होती, ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. जळणं काही सुटलं नाही. पण दुसऱ्याची चूक शोधायला निघालात, तर शेवटच्या झाडापर्यंत जा.