त्याच्यावानी मारलेला गोल

साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास वाऱ्यावर आला की मला श्रीरामपुरातलं चर्चमागचं ते मैदान आठवतं आणि माझ्या पोटात अजून दुखतं. एका मोसमात आमच्या फुटबॉल संघाचे निम्म्याहून जास्त गोल माझे होते, पण मैदानाच्या कडेच्या दगडांवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी एकच नाव असायचं. माझ्याआधी दहा नंबरची जर्सी घालणाऱ्याचं, जो तोवर एसटीवर ड्रायव्हर झाला होता. "तसा खेळाडू पुन्हा व्हनार न्हाई," असं ते मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. फायनलला अगदी शेवटी मी डाव्या पायानं लांबून असा फटका मारला, की गोलकीपर जागचा हललासुद्धा नाही. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, तेवढ्यात दगडांवरून आरोळी आली, "अगदी त्याच्यावानी मारला!" तो स्वतः ड्युटीच्या खाकी कपड्यांतच सामना बघायला आला होता. हसून म्हणाला, "न्हाई ओ, माझ्यापेक्षा लई भारी मारला यानं." मला वाटलं, मिटलं एकदाचं. तर म्हातारे एकमेकांकडे बघत म्हणाले, "बघा, मन बी केवढं मोठं हाय त्याचं!" आता त्या दगडांवर मीही बसतो. परवा एका पोरानं तसाच लांबून गोल मारला, तेव्हा मी मन मोठं करून म्हणालो, "माझ्यापेक्षा भारी मारला पोरानं." शेजारचा मैदानावरची नजर न काढता म्हणाला, "व्हय, ते तर हायेच."